एआय चित्र ‘तयार होत आहे’वरच अडकलंय? आधी नेमकं कुठे अडकलंय ते पाहा

प्रॉम्प्ट, म्हणजे हव्या असलेल्या चित्राचं वर्णन, लिहिला, बटण दाबलं, चकरी फिरायला लागली आणि फिरतच राहिली. चित्र नाही, ‘काहीतरी चुकलं’ असा संदेशही नाही. अशा वेळी हात आपोआप रिफ्रेशकडे आणि मग पुन्हा ‘जनरेट’कडे जातो. तो तिथे जाऊ देऊ नका. टॅब रिफ्रेश केल्याने सर्व्हरवरचं काम सहसा थांबत नाही, ते फक्त तुम्हाला दिसेनासं होतं. वर दुसऱ्यांदा बटण दाबलं की दुसरं काम पहिल्याच्या मागे जाऊन उभं राहतं. बऱ्याच सेवांमध्ये एका खात्याला एका वेळी ठरावीक कामंच चालवता येतात. म्हणजे आपणच आपल्या वाटेत आडवे येतो, आणि क्रेडिट दोनदा कापलं जातं ते वेगळंच.

‘अडकलं’ या एका तक्रारीमागे सात-आठ वेगवेगळी कारणं असू शकतात आणि पडद्यावर ती सगळी एकसारखी दिसतात. खरी अडचण इथेच आहे. बटणापासून चित्रापर्यंतचा रस्ता साधारण असा असतो: ब्राउझरमधून रिक्वेस्ट निघते, सेवेच्या दाराशी लॉगिन, क्रेडिट आणि मर्यादा तपासल्या जातात, प्रॉम्प्टचा मजकूर फिल्टरमधून जातो, काम रांगेत लागतं, जीपीयू (हे गणित करणारी ग्राफिक चिप) मोकळा झाला की त्यावर मॉडेल (चित्र काढणारी एआय प्रणाली) आधीच चढवलेलं आहे का ते पाहिलं जातं, नसेल तर चढवलं जातं, मग प्रत्यक्ष चित्र बनतं, बनलेलं चित्र पुन्हा एका फिल्टरमधून जातं, साठवणुकीच्या सर्व्हरवर ठेवलं जातं, आणि शेवटी त्याचा पत्ता तुमच्या ब्राउझरला कळवला जातो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर घोडं अडलं तरी तुम्हाला दिसते ती तीच चकरी. वेब सेवांमधल्या टक्केवारीच्या पट्टीवरही फार विसंबू नये. ती अनेकदा आधीच्या कामांना लागलेल्या वेळेवरून अंदाजाने पुढे ढकललेली असते. ९५ टक्क्यांपर्यंत झपाट्याने जाऊन तिथेच ठाण मांडणारी पट्टी बहुधा याच जातीची.

तेव्हा उपाय शोधण्याआधी टप्पा शोधायचा.

चित्र कदाचित तयारही झालं असेल

सगळ्यात आधी त्याच खात्याने दुसऱ्या टॅबमध्ये किंवा फोनवर ती सेवा उघडा आणि गॅलरी किंवा हिस्टरी पाहा. चित्र तिथे असलं तर जीपीयू, रांग, प्रॉम्प्ट यांपैकी कशाचाच दोष नाही. तयार झाल्याची खबर फक्त तुमच्या टॅबपर्यंत पोचली नाही. हा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच जास्त घडतो.

खबर पोचण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे ब्राउझर दर काही सेकंदांनी ‘झालं का?’ असं सर्व्हरला विचारत राहतो. दुसरा म्हणजे वेबसॉकेटसारखी एक जोडणी उघडी ठेवली जाते आणि सर्व्हर तिच्यावरून स्वतः कळवतो. पहिल्या मार्गाला ब्राउझरची बचत नडते. टॅब मागे टाकून तुम्ही दुसरीकडे गेलात की क्रोम त्या टॅबमधले टायमर संथ करतो. २०२१च्या जानेवारीत आलेल्या ८८व्या आवृत्तीपासून तर पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेल्या टॅबचे टायमर मिनिटाला एकदाच चालतात. म्हणजे चित्र वीस सेकंदांत झालं तरी टॅबला ते उशिरा कळतं. मेमरी वाचवण्याची सोय चालू असेल तर टॅब पुरताच झोपवला जातो. दुसऱ्या मार्गाची अडचण वेगळी. लॅपटॉप झोपी गेला, फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला, व्हीपीएन मध्येच तुटला, की उघडी जोडणी निकामी होते आणि काही साधनं ती पुन्हा जोडतच नाहीत. अशा वेळी टॅब रिफ्रेश करायला हरकत नाही, कारण काम आधीच उरकलेलं असतं.

याच टप्प्यावरची आणखी एक गंमत. एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीवर ब्राउझर एका सर्व्हरकडे एका वेळी साधारण सहाच जोडण्या उघडतो. एकाच साधनाचे सात-आठ टॅब उघडून ठेवले आणि प्रत्येक टॅबने एकेक जोडणी धरून ठेवली, तर पुढच्या टॅबची रिक्वेस्ट तुमच्या संगणकाबाहेरच पडत नाही. जास्तीचे टॅब बंद करा, तो लगेच हलेल.

गॅलरीत नाव आहे पण चित्राच्या जागी राखाडी चौकोन आहे, असं असेल तर चित्र ज्या साठवणुकीच्या सर्व्हरवर आहे तिथवर तुमचा ब्राउझर पोचत नाही. कार्यालयाच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर मुख्य साइट चालू आणि चित्रं देणारा वेगळा पत्ता बंद, हे नेहमीचं. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशनही हा उद्योग करतं. सगळी एक्स्टेंशन्स बंद असलेली खासगी खिडकी उघडून पाहिलं की दोन्हींचा निकाल लागतो: तिथे दिसलं तर दोष एक्स्टेंशनचा किंवा जुन्या कॅशचा, तिथेही नाही दिसलं तर फोनच्या डेटावर पाहा. आणि चित्र दिसलं की लगेच उतरवून घ्या. काही एपीआय (कोडमधून वापरायच्या) सेवांनी दिलेला चित्राचा पत्ता तासाभरातच मरतो; दुसऱ्या दिवशी तो उघडून ‘अडकलंय’ म्हणण्यात अर्थ नसतो.

घड्याळ बरंच काही सांगतं

गॅलरीत काहीच नसेल तर किती वेळाने काय होतं ते पाहा. मला विचाराल तर निदानासाठी याहून स्वस्त साधन नाही, आणि तरी ते कोणी वापरत नाही.

बटण दाबताच काहीच हललं नाही, तर रिक्वेस्ट बहुधा निघालीच नाही: लॉगिनची मुदत संपली, इंटरनेट गेलं, किंवा ब्राउझरमध्ये साइटचा जुना कोड अडकून बसला. दर वेळी वेगवेगळा वेळ लागतो, रात्री पटकन आणि संध्याकाळी उशिरा, तर ती रांग आहे. पहिलं चित्र फार उशिरा आणि त्यानंतरची पटापट, तर मॉडेल चढवण्यात वेळ गेला. आणि दर वेळी अगदी त्याच सेकंदाला गाडं थांबतं, तर ते चित्राचं कामच नव्हे. वाटेतल्या कुठल्यातरी सर्व्हरची वाट पाहण्याची मर्यादा संपते आहे. एनजिनएक्स हा सर्रास वापरला जाणारा वेब सर्व्हर मागच्या यंत्राच्या उत्तरासाठी मुळात ६० सेकंद थांबतो. अ‍ॅमेझॉनच्या एपीआय गेटवेची मूळ मर्यादा २९ सेकंदांची आहे. एखादं छोटं साधन अशा दारामागे बसवलेलं असेल आणि मोठं चित्र काढायला त्याला ७० सेकंद लागत असतील, तर ते चित्र तयार होऊनही तुम्हाला कधीच दिसणार नाही. इथे तुमच्या हातात एकच गोष्ट असते: काम हलकं करणं. आकार कमी करा, एकाच वेळी चार चित्रांऐवजी एक मागा, मोठं करण्याचं काम नंतर वेगळं करा.

रांगेत असाल तर

रांग हा बिघाड नाही, पण साधन ती रांग दाखवत नसेल तर बिघाडच वाटतो. मार्च २०२५मध्ये चॅटजीपीटीत चित्रं काढण्याची नवी सोय आली तेव्हा अशी झुंबड उडाली की आपले जीपीयू वितळताहेत, असं ओपनएआयचे सॅम ऑल्टमन यांनी जाहीरपणे लिहिलं आणि वापरावर तात्पुरती मर्यादा आणली. नवं मॉडेल आलं किंवा एखादी चित्रशैली व्हायरल झाली की पुढचे काही दिवस हे असंच चालतं. फुकटच्या खात्यांना त्या दिवसांत सगळ्यात मागे उभं केलं जातं. कुणाला ते अन्यायाचं वाटेल, पण निदान तो बिघाड नसतो.

सेवेचं स्टेटस पान पाहावं, मात्र तिथे सगळं हिरवं आहे म्हणून दोष आपलाच असं लगेच मानू नये. ती पानं अनेकदा माणसं हाताने बदलतात आणि बिघाड सुरू झाल्यावर काही वेळाने बदलतात.

मिडजर्नी हे चित्रसाधन डिस्कॉर्ड या चॅट सेवेवरून वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ‘वेटिंग टू स्टार्ट’वर काम थांबलं असेल तर ‘इन्फो’ ही कमांड द्या. तुमची किती कामं चालू आहेत आणि किती रांगेत आहेत ते त्यात दिसतं. फास्ट म्हणजे अग्रक्रमाचा वेळ संपून तुम्ही रिलॅक्स या संथ रांगेवर गेला असाल तर वाट पाहणं ओघानं आलंच. आणि ‘अ‍ॅप्लिकेशनने प्रतिसाद दिला नाही’ असा संदेश आला तर त्याचा चित्राशी संबंध नसतो. डिस्कॉर्ड प्रत्येक बॉटला (कमांड घेणाऱ्या स्वयंचलित खात्याला) पहिली पोच द्यायला तीनच सेकंद देतो. ती चुकली की हा संदेश येतो, मग मागे काम सुरू झालेलं असो वा नसो. दुसऱ्यांदा कमांड देण्याआधी एकदा ‘इन्फो’ पाहा, ते एवढ्यासाठीच. इतर छोट्या बॉटच्या बाबतीत आणखी एक मर्यादा लागू होते: एका कमांडला उत्तर देण्याचा परवाना १५ मिनिटं टिकतो. त्यापेक्षा लांब रांगेतून आलेलं चित्र बॉटला त्याच संदेशावर परत चिकटवता येत नाही.

हगिंग फेस या एआय मॉडेलांच्या साइटवरच्या फुकट स्पेसेसची, म्हणजे ब्राउझरमधून वापरायच्या छोट्या साधनांची, तऱ्हा निराळी. फुकट यंत्रावरची स्पेस ४८ तास कोणी वापरली नाही तर झोपते. तुम्ही तिला उठवलं की सगळं पुन्हा सुरू होतं, मॉडेल पुन्हा उतरतं आणि तोवर पडदा कोरा. तिथे ‘लॉग’चं बटण दिसत असेल तर आत डोकावा. ओळी पुढे सरकताहेत म्हणजे ती जिवंत आहे. ‘रनटाइम एरर’ लिहिलं असेल तर वाट पाहून उपयोग नाही, मालकाने दुरुस्त केल्याशिवाय ती चालणार नाही.

फिल्टरने गप्प बसवलं असेल तर

चांगली साधनं स्पष्ट सांगतात की हा प्रॉम्प्ट नियमांत बसत नाही. काही साधनं मात्र काम गुपचूप टाकून देतात आणि चकरी फिरत ठेवतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: अडकलेलं काम रद्द करा आणि ‘टेबलावर लाल चेंडू’ इतका निरुपद्रवी प्रॉम्प्ट द्या. तो पटकन झाला तर खातं, रांग आणि नेटवर्क ठीक आहेत. दोष तुमच्या मजकुरात किंवा जोडलेल्या चित्रात आहे. मग मूळ प्रॉम्प्टचे दोन भाग करून एकेक देऊन पाहा. प्रसिद्ध व्यक्तींची नावं, कंपन्यांची पात्रं, रक्त-जखमा, शरीररचनेचे वैद्यकीय शब्द, मुलांचा उल्लेख असलेले प्रसंग, यांवर फिल्टर जास्त कडक असतात. ‘गोळी’सारखा दोन अर्थांचा शब्दही पुरेसा होतो.

तोच प्रॉम्प्ट एकदा चालतो आणि एकदा अडकतो, याचं कारण दुसऱ्या फिल्टरमध्ये असतं. तो मजकूर पाहत नाही, तयार झालेलं चित्र पाहतो, आणि चित्र दर वेळी वेगळं निघतं. सीड (चित्राची यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा) बदलता येत असेल तर बदला. नाहीतर प्रॉम्प्टमध्ये कपडे, पार्श्वभूमी, कॅमेऱ्याचं अंतर स्पष्ट लिहा म्हणजे चित्र भलतीकडे जाण्याची शक्यता कमी होते.

लांब प्रॉम्प्टमुळे काम अडकतं, हा समज मात्र फारसा खरा नाही. स्टेबल डिफ्यूजन या चित्र काढणाऱ्या प्रणालीच्या जुन्या मॉडेलांमध्ये मजकूर वाचणारा भाग ७७ टोकनांपुढचं (टोकन म्हणजे शब्द किंवा त्याचा तुकडा) वाचतच नाही. पुढचं कापलं जातं किंवा साधन त्याचे तुकडे करून देतं. देवनागरी मजकुराची टोकनं तर फार लवकर संपतात, कारण तो भाग मुळात इंग्रजीवर घडवलेला आहे आणि आपली अक्षरं तो बारीक तुकड्यांत मोडतो. याने चित्र बिघडतं, अडकत नाही.

अपलोडच हलत नसेल तर

चित्रावरून चित्र काढताना चकरी फिरते ती अनेकदा तुमचा फोटो वर चढवण्यासाठी. बऱ्याच घरगुती जोडण्यांवर वर चढवण्याचा वेग खाली उतरवण्याच्या वेगापेक्षा कमी असतो, त्यामुळे एरवी इंटरनेट छान वाटत असलं तरी फोनमधला मोठा फोटो रेंगाळतो. आयफोनचे फोटो २०१७पासून एचईआयसी स्वरूपात साठवले जातात आणि काही साधनांना ते उघडताच येत नाही. नीट सांगायचं सोडून ती गप्प होतात. फोटो जेपीजी करा, लांब बाजू दोन हजार पिक्सेलपर्यंत आणा. एरवीही मॉडेल तो लहान करूनच पाहतं, त्यामुळे गमावण्यासारखं फारसं काही नसतं.

ब्राउझर काय म्हणतो ते वाचा

संगणकावर एफ१२ दाबा, नेटवर्क हा भाग उघडा आणि मग एकदाच ‘जनरेट’ करा. यासाठी प्रोग्रॅमर असावं लागत नाही. यादीत नवी ओळ आलीच नाही तर रिक्वेस्ट निघालीच नाही. ओळ आली आणि ‘पेंडिंग’वर राहिली तर सर्व्हरने अजून उत्तर दिलेलं नाही. आकडा आला तर तो आकडा बोलतो. ४०१ म्हणजे लॉगिन संपलं; बाहेर पडून पुन्हा आत या. ४०२ सहसा क्रेडिट संपल्याचा. ४१३ म्हणजे फाइल फार मोठी. ४२९ म्हणजे तुम्ही फार भराभर मागताय, आणि इथे पुन्हा बटण दाबणं म्हणजे आगीत तेल. उत्तरासोबत ‘रिट्राय-आफ्टर’ अशी ओळ असेल तर तेवढा वेळ खरंच थांबा. ५०२ आणि ५०३ सेवेच्या बाजूचे आहेत, तुमच्याकडून करण्यासारखं काही नाही. ५०४ किंवा क्लाउडफ्लेअरचा ५२४ म्हणजे मागचं यंत्र वेळेत बोललं नाही. काम मात्र मागे चालू असू शकतं, म्हणून पुन्हा मागण्याआधी थोडं थांबून गॅलरी बघा.

२०२ आला आणि त्यानंतर थोड्या-थोड्या वेळाने तशाच छोट्या ओळी येत राहिल्या, तर सगळं सुरळीत आहे. काम स्वीकारलं गेलंय आणि ब्राउझर विचारपूस करतोय. त्या ओळींवर टिचकी मारून उत्तर वाचा. ‘क्यूड’, ‘स्टार्टिंग’, ‘प्रोसेसिंग’, ‘फेल्ड’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ‘फेल्ड’ लिहिलंय आणि पडद्यावर अजून चकरी आहे, असंही होतं.

स्वतःच्या संगणकावर चालवत असाल तर

इथे रांग नाही, क्रेडिट नाही, दोष द्यायला दुसरं कोणी नाही. ऑटोमॅटिक११११ असो की कम्फीयूआय, स्वतःच्या संगणकावर चित्रं काढण्याच्या या साधनांत ब्राउझरमधला पडदा हा नुसता मुखवटा आहे. खरं काम काळ्या टर्मिनलच्या खिडकीत चालतं, आणि बघायचं ते तिथेच.

विंडोजवर त्या खिडकीचीच एक खोडी आहे. तिच्यात चुकून टिचकी मारली की मजकूर निवडण्याची अवस्था सुरू होते, आणि ती चालू असेपर्यंत आतला प्रोग्रॅम पुढे काही छापायला गेला की तिथेच गोठतो. खिडकीच्या शीर्षकात ‘सिलेक्ट’ असा शब्द आलेला दिसतो. एंटर किंवा एस्केप दाबा, काम जिथून थांबलं तिथून सुरू होतं. नेहमीच होत असेल तर खिडकीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘क्विक एडिट’ बंद करून टाका. लोक या एका कारणासाठी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, मॉडेलं पुन्हा उतरवतात.

दुसरं मोठं कारण ग्राफिक कार्डाची मेमरी. पूर्वी ती संपली की ‘आउट ऑफ मेमरी’ असा सरळ संदेश येऊन काम बंद पडायचं. २०२३च्या जूनमध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या ५३६.४० ड्रायव्हरपासून विंडोजवर हे बदललं: कार्डाची मेमरी अपुरी पडली की ड्रायव्हर संगणकाची साधी रॅम वापरायला लागतो. काम मरत नाही, पण इतकं संथ होतं की अडकल्यासारखंच वाटतं. सेकंदाला दोन-तीन पायऱ्या (चित्र घडत जाण्याचे टप्पे) चढणारं काम एका पायरीला दहा-वीस सेकंद घ्यायला लागलं तर हाच प्रकार समजा. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस आलेल्या ५४६.०१पासून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिसमेम फॉलबॅक पॉलिसी’ नावाचा पर्याय आला. तो तुमच्या पायथनपुरता (ही साधनं ज्याच्यावर चालतात तो प्रोग्रॅम) ‘प्रिफर नो’ करून ठेवा. मग मेमरी संपली की पूर्वीसारखा स्पष्ट संदेश येईल आणि आकार किंवा बॅच कमी करायची हे तरी कळेल. मला लटकत राहणाऱ्या कामापेक्षा चटकन मरणारं काम केव्हाही बरं वाटतं.

टास्क मॅनेजर पाहून ‘जीपीयू तर रिकामाच आहे’ असं ठरवू नका. तिथे मुळात दिसतो तो थ्रीडी कामाचा आलेख. या कामाचा, म्हणजे एनव्हिडियाच्या ‘कुडा’ या गणिताच्या प्रणालीचा, आलेख वरच्या सूचीतून निवडावा लागतो, आणि काही संगणकांवर तो पर्याय दिसतच नाही. टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड दिली की खरा वापर आणि मेमरी दोन्ही कळतात.

सगळ्या पायऱ्या भराभर झाल्या आणि शेवटच्या क्षणी थांबलं, तर संशय व्हीएईवर घ्या. स्टेबल डिफ्यूजन प्रत्यक्ष चित्रावर काम करतच नाही; ते एका आकुंचित रूपावर काम करतं, ज्याची प्रत्येक बाजू चित्राच्या एक अष्टमांश असते. १०२४ बाय १०२४ चित्रासाठी ते रूप १२८ बाय १२८ एवढंच. शेवटी व्हीएई ते उलगडून पूर्ण चित्र करतो आणि त्या एका क्षणी मेमरीची मागणी उसळते. कम्फीयूआय अशा वेळी स्वतःच तुकड्यातुकड्यांनी उलगडायचा प्रयत्न करतं आणि टर्मिनलमध्ये तसं लिहितं. ते नको असेल तर व्हीएई डिकोडचा ‘टाइल्ड’ नोड (कम्फीयूआयमधला कामाचा ठोकळा) आधीच लावा. ऑटोमॅटिक११११मध्ये कमी मेमरीसाठी ‘मेडव्हीरॅम’ आणि ‘लोव्हीरॅम’ हे पर्याय आहेत. अडकण्याऐवजी पूर्ण काळं चित्र येत असेल तर दुखणं वेगळं आहे, अर्ध्या अचूकतेच्या गणितात आकडे फुटताहेत. तिथे ‘नो-हाफ-व्हीएई’ कामाला येतो.

सुरुवातीलाच थांबत असेल, एकही पायरी न होता, तर मॉडेल चढतंय. एसडीएक्सएलची मूळ फाइल सुमारे ७ जीबीची आहे, फ्लक्स-१ डेव्हची मूळ फाइल सुमारे २४ जीबीची. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून २४ जीबी वाचायलाच तीन-चार मिनिटं जातात. मॉडेलं एसएसडीवर हलवा, आणि एका चित्रासाठी हे मॉडेल, दुसऱ्यासाठी ते असं उड्या मारत बदलणं टाळा. रॅम १६ जीबीच असेल तर पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) बंद केलेली नाही ना तेही बघा. पहिल्यांदाच वापरत असलेलं एखादं एक्स्टेंशन किंवा नोड आपल्याला लागणारं मॉडेल गुपचूप इंटरनेटवरून उतरवत असतो, तेव्हाही ब्राउझरमध्ये काहीच दिसत नाही, टर्मिनलमध्ये मात्र पट्टी सरकत असते. ते मध्येच बंद केलं तर अर्धवट फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी भलत्याच चुका येतात. फाइलचा आकार मूळ पानावरच्या आकाराशी जुळवून पाहा, कमी भरला तर उडवून पुन्हा घ्या.

टर्मिनलमध्ये काम संपल्याचं दिसतंय आणि ब्राउझर अजून फिरतोय, तर आउटपुटचं फोल्डर उघडा. चित्र तिथे पडलेलं असतं. उलट, ब्राउझर बंद केला म्हणून कम्फीयूआयची रांग रिकामी होत नाही. काल लावून ठेवलेली कामं आजच्या कामाच्या पुढे उभी असतात. आधी चालू काम थांबवा, मग रांग पुसा. सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये जुना पायथन मागे उरला नाही ना याची खात्री करा. तो कार्डाची मेमरी धरून बसतो आणि नव्याला जागा मिळत नाही.

कोडमधून मागवत असाल तर

पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत तुम्ही वेळेची मर्यादा सांगितली नाही तर ती अनंतकाळ थांबते. जावास्क्रिप्टच्या फेचलाही स्वतःची मर्यादा नाही. म्हणजे ‘अडकलेली’ रिक्वेस्ट ही अनेकदा केवळ कोणी थांब न म्हटलेली रिक्वेस्ट असते. मर्यादा घालताना जोडणी व्हायला किती आणि उत्तर यायला किती, हे वेगळं सांगा. रिक्वेस्ट्समधली दुसरी मर्यादा एकूण वेळेची नसते, दोन बाइट्समधल्या शांततेची असते. थेंबथेंब उत्तर देणारा सर्व्हर तिच्यातून निसटतो. ओपनएआयच्या पायथन लायब्ररीत मर्यादा आधीच १० मिनिटांची आणि पुनःप्रयत्न दोन असे ठरलेले आहेत. म्हणजे काही न बदलता वापरली तर एक अपयश कळायला अर्धा तास लागू शकतो.

चित्राच्या कामाला एकच लांब जोडणी धरून बसू नका. काम द्या, त्याचा आयडी घ्या, तो लगेच डेटाबेसमध्ये लिहा, आणि मग विचारत राहा किंवा वेबहुक लावा, म्हणजे काम झालं की सेवा स्वतः तुमच्या सर्व्हरला कळवेल. आयडी लिहून ठेवला असेल तर तुमचा सर्व्हर मध्येच पडला तरी काम सापडतं. नसेल तर पैसे गेले, चित्र कुठे आहे ते देव जाणे. पुनःप्रयत्नातलं अंतर दर वेळी दुप्पट करा आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घाला, नाहीतर अडलेले सगळे ग्राहक एकाच सेकंदाला परत धडकतात. सेवा ‘आयडेंपोटन्सी की’ (तीच मागणी दोनदा गेली तरी काम एकदाच व्हावं यासाठीची खूण) घेत असेल तर ती द्याच. ४०० आणि ४०३ला पुनःप्रयत्न करू नका. तीच चूक पुन्हा पाठवून उत्तर बदलत नाही.

काम आपलं नाही असं ठरलं की

इतकं पाहूनही कळलं नाही, किंवा दोष सेवेच्या बाजूचा आहे हे ठरलं, तर मदत कक्षाला लिहा. ‘चित्र येत नाही’ एवढ्यावर त्यांना काही करता येत नाही. कामाचा किंवा रिक्वेस्टचा आयडी, तारीख-वेळ टाइमझोनसह, मॉडेलचं नाव, आकार आणि किती चित्रं मागितली, किती सेकंदांनी थांबलं, निरुपद्रवी प्रॉम्प्ट चालला की नाही, आणि क्रेडिट कापलं गेलं का, हे लिहा. आयडी नेटवर्कच्या भागात उत्तराच्या ओळींमध्ये सापडतो. टॅब रिफ्रेश केला की ती यादी पुसली जाते, म्हणून आधी तो कॉपी करून घ्या.

ते एचएआर फाइल, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीची नोंद, मागतील. नेटवर्कच्या भागातून ती एका टिचकीत निघते, पण तिच्यात तुमच्या कुकीज आणि लॉगिनचे टोकन असू शकतात. ज्याच्या हाती ती पडेल तो तुमच्या खात्यात शिरू शकतो. ती चॅनेलवर किंवा गटात उघडी टाकू नका, खासगी तिकिटालाच जोडा. क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्या संवेदनशील मजकूर गाळलेली फाइल आपणहून देतात, तीच आधी पाठवा. गाळलेली चालत नाही असं त्यांनी सांगितलं तर पूर्ण द्या, आणि तिकीट मिटल्यावर खात्याच्या सेटिंगमधून सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट करा.